अकरा दिवस बाकी

सानिकानं ओट्याची कडा घट्ट धरली आणि "आई गं!" म्हणून कळवळली, तेव्हा घरातल्या दोघांनी आधी फोनकडे बघितलं. तिच्याकडे नंतर.

"अकरा दिवस," यशोधन, तिचा नवरा, म्हणाला आणि त्यानं पुढचा घास घेतला. खालच्या मजल्यावर त्याचं सुताचं ऑफिस होतं, दुपारी तो वर जेवायला यायचा.

"माझ्यातही अकराच दाखवतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या फोनमध्ये सुनेचा आकडा होता, मुलाच्या फोनमध्ये होता, सांगलीला दिलेल्या लेकीच्या फोनमध्ये होता आणि गडहिंग्लजला सानिकाच्या आईच्या फोनमध्येही होता. नव्हती ती फक्त अक्कल, असं सानिकाच्या अगदी ओठांवर आलं. पण कळ उतरेपर्यंत तिला बोलताच येत नव्हतं.

"हे वेगळं दुखतंय," श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली. "पाठीतून निघतंय आणि पोटावर येतंय. पोट दगडासारखं होतं."

"अगं, उसण भरलीय. तीन दिवस तेच चाललंय तुझं. थांब, मलम आणते."

आता हे आकड्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. बाळंतपणाची वेळ झाली हे गर्भाशयाला कळवतं कोण, यावर डॉक्टरमंडळींनी वर्षानुवर्षं डोकेफोड केली होती. कळवणारे बरेच आहेत, त्यातलं एक प्रोस्टाग्लँडिन. नाव तोंडात बसत नाही, पण काम साधं आहे. बाळाभोवती जी पाण्याची पिशवी असते, तिला दोन पडदे असतात. आतला पडदा हे रसायन बनवतो आणि बाहेरचा ते मोडून टाकतो. एकानं बनवायचं, दुसऱ्यानं मोडायचं, असं महिनोन्महिने चालतं आणि पलीकडच्या गर्भाशयाच्या स्नायूंना त्याचा फारसा पत्ताच लागत नाही. दिवस भरत आले की आतल्या पडद्याला जोर चढतो, बाहेरचा ढिला पडतो, गर्भाशयाचं अस्तरही स्वतःची भर घालायला लागतं. मग ते रसायन स्नायूंपर्यंत पोचतं, गर्भाशयाचं तोंड मऊ पडतं आणि कळा सुरू होतात.

हे रोज मोजायचं तर रोज पोटात सुई घालावी लागेल, म्हणजे अशक्यच. तेव्हा एका कंपनीनं युक्ती काढली. आईच्या रक्तात बाळाच्या मोजक्या पेशी फिरत असतात. त्या गाळून घ्यायच्या, त्यांच्यापासून आतल्या पडद्याचा एक बारीकसा ठिपका वाढवायचा आणि तो पट्टीत बसवायचा. पट्टी कंबरेवर, पाठीच्या बाजूला चिकटवायची. केसाहून बारीक सुयांमधून आईच्या अंगातले निरोप त्या ठिपक्याला पोचतात आणि आतला पडदा आत जे करतो, तेच हा ठिपका बाहेर करायला लागतो. त्यानं बनवलेलं प्रोस्टाग्लँडिन पट्टी मोजते आणि फोनवर आकडा येतो, इतके दिवस बाकी.

आणि आकडा बरोबर यायचा, हीच तर पंचाईत! दोन-तीन वर्षांत लोकांनी आकड्यावर रजा टाकल्या, तिकिटं काढली, बारशाचे हॉल धरले. उगीचच्या कळांनी घाबरून येणाऱ्या बायका थांबल्या, म्हणून दवाखान्यांनी प्रसूतीचे वॉर्ड निम्मे केले. आता प्रसूतीच्या दारात आधी फोन दाखवायचा. आकडा दोन किंवा त्याहून कमी असेल तर दार उघडतं, नाहीतर घरी जा आणि आराम करा. या सगळ्या सोयीत बाईला काय होतंय हे तिलाच विचारायची पद्धत कधी गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सानिकाच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. तिचं बाळ वळलं नव्हतं. डोकं वर, पाय खाली. डॉक्टर मुजावर मॅडमनी बजावून सांगितलं होतं, "ऑपरेशन करायचं, तेही कळा सुरू व्हायच्या आधी. आणि आधीच सुरू झाल्या तर घरात एक मिनिट थांबायचं नाही. डोकं खाली असलं की ते बुचासारखं बसतं. पाय खाली असले की मोकळी जागा राहते, पाणी गेलं की नाळ घसरून खाली येऊ शकते. ती दाबली गेली तर बाळाचा प्राणवायूच बंद." आकडा बघून ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. आकडा बघूनच सानिकाच्या आईनं बुधवारच्या गाडीचं तिकीट काढलं. सगळं कसं आखीव झालं होतं.

सासूबाई मलम घेऊन आल्या. बसस्टँडजवळच्या मेडिकलमधलं हिरवं मलम, नाकात झणझणणारं. गेले तीन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ सुनेची कंबर चोळून देत होत्या. पट्टी निघू नये म्हणून तिच्या कडेकडेनं, अंगठ्यानं दाबून, अगदी हळुवार. खरं सांगायचं तर सानिकाला ते आवडायचं. त्या बाईच्या हाताला माया होती, ती नाकारून चालणार नाही.

पण आज मायेचं काम नव्हतं. कळ पुन्हा आली.

"मम्मी, उसण अशी थांबून थांबून येते का हो?"

"येते की. तुझ्या सासऱ्यांना यायची. तेव्हा शालन लाथ मारून जायची, की दुसऱ्या मिनिटाला उभे!"

आणि सानिका "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी गॅलरीतून हाक मारलीसुद्धा.

शालनमावशी समोरच्या घरात राहायच्या. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की भरलेली उसण निघते, हे सगळ्या गल्लीला पाठ. इचलकरंजीत माग जाऊन रोबोट आले, सूत मोजायला कॅमेरे आले, पण शालनमावशींचं गिऱ्हाईक काही कमी झालं नव्हतं. त्या पदराला हात पुसतच जिना चढल्या.

"भिंतीला हात लावून उभी ऱ्हा पोरी. डाव्या पायानं तीन डाव. हलू नगंस."

"मावशी, माझं पोट बघा हो. उसण नाहीय ही."

"सगळ्यांस्नी तसंच वाटतंय बघ. ह्यो एक."

नऊ महिन्यांची पोटुशी बाई भिंतीला टेकून उभी, सत्तरीची बाई यशोधनच्या खांद्याचा आधार घेऊन तिच्या कंबरेला पाय लावतेय, सासू हातात मलम घेऊन तयार, आणि नेमकी त्याच वेळी अशी सणसणीत कळ आली की सानिका किंचाळली. तिसऱ्यांदा पाय लागला आणि कळ उतरली. साहजिकच आहे, कळा उतरतातच.

"निघाली!" शालनमावशी म्हणाल्या. "बघ, तोंडावर किती हुशारी आली."

"बरं वाटतंय ना?" सासूबाईंनी विचारलं. सानिकानं कपाळाला हात लावला. क्षणभर बरं वाटत होतं, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट होती.

तिनं दवाखान्याला फोन लावला. मशीनचा गोड आवाज आला. "नमस्कार सानिकाताई. आपल्या प्रसूतीला अकरा दिवस बाकी आहेत. काळजी वाटत असल्यास एक दाबा." तिनं एक दाबला. बासरी वाजायला लागली. पुढं पाच मिनिटं बासरीच वाजली. मग तिनं मुजावर मॅडमच्या रिसेप्शनला लावला. मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. "आकडा किती आहे मॅडम? अकरा ना? मग घाबरू नका. पहिलटकरणींना होतं असं," पलीकडची मुलगी म्हणाली. तिचं लग्न तरी झालं होतं की नाही, देव जाणे.

"गाडी काढ," सानिका यशोधनला म्हणाली.

"अगं, काढतो. पण जाऊन सांगायचं काय? मागच्या आठवड्यातही तू असंच म्हणालीस. तेव्हा आकडा अठरा होता, आणि तोच बरोबर निघाला ना?"

हे खरं होतं. मागच्या आठवड्यात ती घाबरली होती आणि काही निघालं नव्हतं. म्हणून तर सगळ्यात वाईट गोष्ट ही होती, की तिला स्वतःलाही आता शंका यायला लागली होती. इतके सगळे म्हणतात, पट्टी म्हणते, कदाचित आपणच बाऊ करतोय. ती पलंगावर बसली. डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याचाच तिला जास्त राग आला.

सानिका कापड रंगवण्याच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. तिथं रंग मोजायचं मशीन होतं. ते म्हणायचं रंग जुळला, आणि कधी कधी तिच्या डोळ्याला दिसायचं की नाही जुळला, जरा पिवळ्याकडे झुकलाय. पहिल्या वर्षी तिनं मशीनचं ऐकलं होतं आणि एक अख्खा लॉट परत आला होता. तेव्हापासून ती काच पुसून मशीन पुन्हा लावायची. बऱ्याचदा काचेवरच काहीतरी बसलेलं असायचं. कापड परत आलं तर पुन्हा रंगवता येतं, तिच्या मनात आलं. हे कसं परत आणायचं?

कळ पुन्हा आली. ती उतरायची वाटही न बघता सानिका उठली, चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरायला लागली.

"अगं, कुठं निघालीस?"

"दवाखान्यात. तू येणार असशील तर ये. नाहीतर रिक्षा आहेत गावात. हे माझ्या पोटात आहे यशोधन, तुझ्या फोनमध्ये नाही!"

आख्ख्या गल्लीनं ऐकलं. यशोधन किल्ली घेऊन मागं धावला, त्याच्या मागं पर्स घेऊन सासूबाई.

दवाखान्याच्या प्रसूतीच्या दारात काउंटरमागं एक सिस्टर बसली होती. तिनं फोन मागितला, काचेवर टेकवला आणि मान हलवली. "अकरा. कशाला आलात?"

"कळा येताहेत. बाळ उलटं आहे. ऑपरेशन ठरलंय."

"हो, दिसतंय ना, पुढच्या गुरुवारी. मॅडम, माझ्या हातात नाही. दोनच्या वर आकडा असला तर सिस्टीममध्ये बेडच उघडत नाही. मी नाव कुठं घालू?"

"तुम्ही माझ्या पोटाला हात तर लावून बघा!"

"आमच्याकडे कुणी असं तपासत नाही आता," सिस्टर म्हणाली. ती वाईट नव्हती. तिच्या चेहऱ्यावर खरोखरच अडचण दिसत होती, आणि अशा सज्जन, अडचणीत असलेल्या माणसाचं करायचं काय, हे सानिकाला कळेना.

तेवढ्यात शेजारच्या इमर्जन्सीच्या दारातून गलका झाला. पन्नाशीचा एक गृहस्थ छातीवर हात ठेवून आत येत होता. "छातीत..." एवढंच तो म्हणाला. दोन वॉर्डबॉय धावले, स्ट्रेचर आला, कुणी त्याच्याकडे फोन मागितला नाही, आकडा विचारला नाही, मागच्या आठवड्यात काय म्हणाला होतास असंही विचारलं नाही. दुखतंय म्हणाला आणि आत गेला.

सानिका त्या दाराकडे चालायला लागली.

"सानिका, तिकडं कुठं?" यशोधन म्हणाला. त्या दारात पोचून तिनं हात छातीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "छातीत दुखतंय! डावा हात जड झालाय!"

पुढचं सगळं इतकं झटपट झालं की यशोधनचं तोंड उघडंच राहिलं. स्ट्रेचर, पडदा, छातीला चिकटवायच्या तारा. एक तरुण डॉक्टर वाकला. सानिकानं त्याचं मनगट पकडलं आणि त्याचा हात सरळ पोटावर ठेवला. नेमकी कळ आली होती.

"हृदय राहू दे बाजूला," ती दात आवळून म्हणाली. "हे बघा. आणि बाळाचे पाय खाली आहेत."

हाताखालचं पोट घट्ट लागलं तसा त्याचा चेहरा बदलला. तो पडद्याबाहेर तोंड काढून ओरडला, "मुजावर मॅडमना बोलवा! आत्ता!"

मुजावर मॅडम आल्या, तपासलं, आणि तपासता तपासताच सिस्टरला थिएटर उघडायला सांगितलं. गर्भाशयाचं तोंड अर्धंअधिक उघडलं होतं आणि बोटाला बाळाची टाच लागत होती. पाणी अजून गेलं नव्हतं, हीच मोठी गोष्ट. सानिकाला कुशीवर वळवताना मॅडमनी नाक आक्रसलं. "हा वास कसला?" त्या म्हणाल्या. पण उत्तराची वाट बघायला कुणाला वेळ नव्हता.

मुलगी झाली. पहिला टाहो असा फोडला की आईचं सगळं म्हणणं तिनंच एकदाचं मांडलं. सानिका हसली आणि रडली, दोन्ही एकदमच.

संध्याकाळी मॅडम खोलीत आल्या तेव्हा निघालेली पट्टी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती सासूबाईंच्या नाकापुढं धरली. "हे काय लावलं होतं?"

सासूबाईंनी पर्समधून मलम काढून दिलं. गडबडीतही त्या ते बरोबर घेऊन आल्या होत्या.

"याचं काम काय, माहितीय? दुखायचं थांबवणं. आणि ते थांबवतं कसं? शरीरात प्रोस्टाग्लँडिन बनू द्यायचं नाही, असं. दुखण्यामागंही तेच रसायन असतं. तुम्ही कडेनं चोळलंत, ते पट्टीखाली झिरपलं आणि तिच्यातला ठिपका गार पडला. त्यानं बनवणंच बंद केलं. पट्टीला वाटलं, अजून वेळ आहे. गर्भाशय मात्र आत आपलं काम करत होतं." मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "आणि शेवटच्या महिन्यांत असली औषधं विचारल्याशिवाय लावायचीच नाहीत. थोडं रक्तात उतरतं, ते बाळाच्या हृदयाला बरं नाही. बाळाला तपासलंय मी. ठीक आहे ती."

सासूबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. "मी पोरीचं दुखणं कमी करायला गेले गं," त्या म्हणाल्या. "माझ्याच हातानं..."

सानिकाला त्यांचा राग यायला हवा होता. पण आला तो यशोधनचा. तो खिडकीपाशी उभा राहून सगळ्यांना फोटो पाठवत होता.

"फोन ठेव," ती म्हणाली.

त्यानं ठेवला.

"मम्मींना माहीत नव्हतं, त्यांनी मायेनं मलम लावलं. तू काय केलंस? मी तुझ्यासमोर कळवळत होते आणि तू जेवत होतास. मला एकदा तरी विचारलंस, सानिका तुला काय वाटतंय?"

"अगं, आकडा इतके महिने..."

"मी आकड्याबद्दल बोलत नाहीय."

यशोधन पलंगाच्या कडेला येऊन बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं." त्यापुढं त्यानं 'पण' लावला नाही, म्हणून सानिकानं त्याला मुलगी धरायला दिली. लगेच सगळं विसरली असं मात्र नाही. पुढं कितीतरी दिवस तो "काय झालं?" म्हणाला की ती म्हणायची, "बघ की फोनमध्ये."

घरी सोडताना फाइल मिळाली. तिच्यावर पहिली ओळ होती, छातीत दुखतं म्हणून दाखल. ती बदलून द्या म्हटलं तर सिस्टीममध्ये बदलता येत नव्हती. पट्टीच्या कंपनीनं मात्र तत्परता दाखवली. महिन्याभरात फोनवर नवे प्रश्न आले. आज कंबरेला मलम लावलं का? तेल लावलं का? वेदनाशामक गोळी घेतली का? सानिकानं सगळे प्रश्न खालपर्यंत वाचले. आता आकडा चुकला तर चूक बाईची ठरणार, एवढी सोय झाली होती. जो एक प्रश्न विचारायला हवा होता तो त्यात नव्हताच.

शालनमावशी बाळ बघायला आल्या आणि त्यांनी आधी पावलं दाबून बघितली. "ऑपरेशनची असली म्हणून काय झालं? पाय खालीच हुते न्हवं? मग पायाळूच म्हणायची. माझ्यामागं गल्लीला कोण तरी पायजेच की." सानिकानं हात टेकले.

मुलगी मान धरायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. दुपारी सासूबाई पायांवर घेऊन तिला तेल लावत होत्या आणि सांगलीहून केतकीचा फोन आला. केतकी म्हणजे सानिकाची नणंद. तिची ही दुसरी खेप, म्हणून ती सासरीच होती. फोन स्पीकरवर होता.

"मम्मी, पट्टी सहा दिवस दाखवतेय. पण मला सकाळपासून कसंतरी होतंय गं."

सासूबाईंचा हात थांबला. सवयीनं त्यांची नजर फोनवर गेली. लेकीचा आकडा त्यांच्याकडेही होता आणि तो सहाच होता. सानिका दारात उभी राहून बघत होती.

"मलम लावलंस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. काहीच लावलं नाही. सासूबाई म्हणतात सहा दिवस आहेत, पड जरा. हे पण तेच म्हणतात. दवाखान्यात आत घेणार नाहीत म्हणे."

सासूबाईंनी तेलकट हातानंच फोन पालथा घातला.

"त्यांचं राहू दे. तुला काय वाटतंय?"

केतकीचा आवाज आला, रडवेला. "कळाच आहेत गं मम्मी. माझं दुसरं आहे, मला कळत नाही का?"

"मग ऊठ. चप्पल घाल. आम्ही निघालोच," सासूबाई म्हणाल्या आणि बाळाला सानिकाच्या हातात देऊन उभ्या राहिल्या. "आणि हे बघ, दारात कुणी अडवलं तर वाद घालत बसू नकोस. शेजारच्या दारानं जायचं आणि छातीत दुखतंय म्हणून सांगायचं. डावा हात जड झालाय, हेही सांग. ते विसरू नकोस."